घंटा कुठवर गेली

"बोट वर!" अण्णा म्हणाले, आणि अख्खं घर श्वास रोखून बसलं.

परसातल्या तिवईला नवी घंटा टांगलेली होती. घाटाखालच्या एका गावानं देवीच्या देवळासाठी सांगितलेली, चांगली घागरीएवढी. अण्णांनी लाकडी मोगरी उचलली, घंटेच्या कडेवर एकच ठोका दिला आणि डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी उजव्या हाताचं बोट वर धरलं. सासूबाई पायरीवर, माझा नवरा सुहास तिवईपाशी, मी स्वयंपाकघराच्या दारात आणि माझी केतकी आजोबांच्या मांडीवर.

आमच्या घरची ही रीत. घर कासारांचं, पिढ्यान्‌पिढ्या घंटा ओतणाऱ्यांचं. नवी घंटा साच्यातून निघाली की घासूनपुसून घरी यायची आणि तिची परीक्षा घरच्या कानांनी व्हायची. ज्याला आवाज ऐकू यायचा थांबला, त्यानं बोट खाली घ्यायचं. अण्णांच्या बोटाबरोबर परीक्षा संपायची. तोवर ते मनातल्या मनात पूर्वजांची नावं घेत असायचे, एका संथ श्वासाला एक नाव. नागशेट, म्हाळशेट, गणशेट, तुकशेट, बाळशेट, मग त्यांचे वडील रघुनाथ आणि शेवटी स्वतः, शंकर. ही सगळी नावं होईपर्यंत आवाज जिवंत राहिला तरच घंटा देवळात जाणार, नाहीतर पुन्हा भट्टीत.

आणखी एक नियम होता. वाजत्या घंटेला हात लावायचा नाही. हात लावला की आवाज मरतो.

अण्णांचं बोट खाली आलं. त्याच क्षणी केतकीचंही.

"तुकशेटपर्यंत," अण्णांनी डोळे उघडले. "बाळशेटच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा गेली नाही. मोडा."

"अण्णा, आधीचीपण मोडली आपण," सुहास म्हणाला. "जत्रा तोंडावर आलीय त्यांची."

"मग काय मुकी घंटा देऊ देवीला? अरे, भंगारच निकस येतंय हल्ली. माझ्या बापाच्या हातचं कासं बघायला हवं होतंस. ठोका द्यायचा, विडा लावायचा, खायचा, तरी घंटा आपली बोलतेच आहे." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पण पोरीचं बघितलंस का? माझं बोट नि तिचं बोट, एकदम खाली! ह्याला म्हणतात कान. बाळशेटचा कान उतरलाय पोरीत."

सासूबाईंनी पायरीवरूनच कानशिलावर बोटं मोडली. केतकीला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण सगळे तिच्याकडे बघून हसतायत म्हटल्यावर तीही हसली.

मी माझं बोट हळूच ओढणीत लपवलं. कारण माझ्या कानात ती घंटा अजून वाजत होती. अगदी बारीक, दुरून आल्यासारखी, पण होती. दर वेळी असंच व्हायचं. मला वाटायचं, ह्यांच्या लेखी आवाज संपणं म्हणजे काही वेगळं असणार. मी टपालखात्यातल्या माणसाची मुलगी, बी. ए. झालेली. घंटेतलं मला काय कळतंय? अण्णांचं बोट खाली आलं की मीही माझं खाली घेत असे.

लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सगळ्यात आधी जाणवला तो आवाज. माझ्या माहेरी सगळी माणसं हळू बोलणारी. इथं चहा हवा का असं विचारलं तरी शेजारचे हो म्हणायचे. टीव्ही लागला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मला आधी वाटलं, भांडणं चाललीयत. मग कळलं, ह्या लोकांचं प्रेमही असंच दणदणीत आहे. सासूबाई मला चिडवायच्या, "वृंदा, तू बोलतेस की चहा फुंकतेस गं?" मी काही सांगितलं की "आँ?" म्हणून सगळे माझ्याकडे वळायचे. हळूहळू मीही मोठ्यानं बोलायला शिकले. गल्लीत ह्या घराला 'घणघणे' म्हणायचे आणि अण्णांना त्याचा अभिमान होता.

केतकीला पाचवं लागलं आणि माझ्या मनात काहीतरी कुरतडायला लागलं.

ती साखरेला 'आखर' म्हणायची. सशाला 'अआ'. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण लक्ष नसतं. मागून हाक मारली तर ढिम्म." सासूबाई म्हणाल्या, "आमचा सुहासही बोबडाच होता. आता बघ, बोलायला लागला की थांबत नाही." मी तशी भित्री. केतकी झोपली की नाकापुढं बोट धरून श्वास बघणारी. तिचं पाणीसुद्धा मी खळखळ उकळून, कपड्यानं गाळून, वेगळ्या तांब्यात झाकून ठेवायची. त्यामुळं माझ्या काळजीला घरात कुणी फारसं मोजायचं नाही.

एका दुपारी ती माझ्याकडे पाठ करून डब्यांची झाकणं रचत बसली होती. मी हळूच म्हटलं, "केतू, गूळ हवा?" ती हलली नाही. मी गोळीचा कागद चुरचुर वाजवला. एरवी ह्या आवाजासरशी कुठलंही मूल उडी मारून येईल. ही झाकणंच लावत बसली.

मग मी तिच्यासमोर जाऊन बसले. तोंडापुढं ओढणी धरली आणि पुन्हा विचारलं, "केतू, गूळ हवा?"

ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. वाट बघत होती. मी ओढणी खाली केली, आणि अगदी तेवढ्याच आवाजात तेच शब्द बोलले.

"हवा!" ती म्हणाली.

माझं लेकरू मला ऐकत नव्हतं, वाचत होतं.

संध्याकाळी सुहास कारखान्यातून आला. भट्टी आता गावाबाहेर होती. धुराच्या तक्रारी व्हायला लागल्या म्हणून केतकीच्या जन्माआधीच त्यानं ती परसातून उचलून माळावर नेली होती. तो खुर्चीत वाकून बुटांचे बंद सोडत होता. मी त्याच्या मागं उभी होते. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायची, खोलीत अरे.

"अरे, केतूला ऐकू येत नाहीये नीट," मी म्हटलं.

तो बंद सोडत राहिला.

"सुहास."

त्यानं एक बूट काढला, दुसऱ्याला हात घातला. मी पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला. "अगं, कधी आलीस? काही म्हणालीस का?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"केतूला डॉक्टरकडे न्यायचंय," मी मोठ्यानं म्हटलं. "कानाच्या."

बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. "कुणाच्या कानाला काय झालंय?"

"केतूला कमी ऐकू येतंय, अण्णा."

"केतूला?" ते दारात येऊन उभे राहिले. आधी हसले, मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. "वृंदा, अगं, त्या पोरीचा कान माझ्या कानाबरोबर चालतो. तू स्वतः बघितलंयस. जा घेऊन, मी नको म्हणत नाही. पण मीही येतो. त्या डॉक्टरला म्हणावं, आधी माझा कान तपास नि मग हिचा. दोन्ही जुळले की झालं!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एस.टी.नं जिल्ह्याला गेलो. अण्णांनी ठेवणीतला कोट घातला होता.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी केतकीला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि सांगायला लागल्या, "बाळा, आवाज आला की बोट वर करायचं, हं."

केतकीनं लगेच बोट वर करून दाखवलं, खाली करून दाखवलं आणि डोळे मिटून घेतले.

"अरे वा! हिला तर सगळं येतंय. एवढ्या लहान मुलांना आम्हाला डब्यात मणी टाकायला लावावे लागतात."

"आमच्या घरचाच खेळ आहे तो," अण्णा म्हणाले.

बाईंनी बटण दाबलं. बोट वर गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर गेलं. मग त्यांनी आवाज कमी करायची चकती थोडी फिरवली. बटण दाबलं. केतकीचं बोट मांडीवरच राहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं. चेहरा किती एकाग्र होता तिचा! भुवया जवळ आलेल्या, ओठ मिटलेले. काहीच चुकवायचं नाही म्हणून ती जिवाचा कान करून बसली होती, आणि बोट मांडीवरच होतं.

"बोट वर, केतू!" अण्णा काचेबाहेरून ओरडले. "बोट वर कर की, बाळा!"

बाईंनी वळून पाहिलं. मी अण्णांच्या कोटाची बाही धरली.

मग हट्टानं अण्णा आत बसले. त्यांनीही डोळे मिटले. बाई बटण दाबत गेल्या. मी चकतीकडे बघत होते. जिथं केतकीचं बोट थांबलं होतं, त्याच्या बऱ्याच आधी अण्णांचं थांबलं. म्हणजे घरी मांडीवर बसून ती घंटेबरोबर नाही, आजोबांच्या हाताबरोबर बोट खाली घेत होती.

दोघांचे आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बाईंनी विचारलं, "काका, तुमचा व्यवसाय?" अण्णांनी सांगितला. "मग तुमचं समजू शकते मी. वय आहे, जन्मभराचे ठोके आहेत. पण ही मुलगी कारखान्यात जाते?"

"पाऊल टाकलेलं नाही तिनं," मी म्हटलं.

कान फुटला होता का, ताप मेंदूत गेला होता का, जन्मताना रडली होती का, त्या विचारत होत्या आणि मी नाही, नाही, हो असं सांगत होते. मग त्या म्हणाल्या, "पाणी कुठलं पिता?"

"घरच्या विहिरीचं!" अण्णा ताठ झाले. "गावात नळ आला, पण आम्ही तो धुण्याभांड्याला वापरतो. पणजोबांनी खणलेली विहीर आहे, बाई. दुष्काळातसुद्धा आटली नाही."

"आणि पूर्वी भट्टी कुठं होती?"

"परसात. विहिरीपलीकडे."

"राख, धातूची मळी वगैरे कुठं टाकायचात?"

अण्णांनी कोटाचं बटण चाचपलं.

"तिथंच," ते म्हणाले. "विहिरीमागं. सगळ्यांनी तिथंच टाकली."

"धातूत शिसं असतं?"

"थोडं घालावं लागतं. रस साच्यात नीट पसरावा म्हणून. शिवाय भंगारातून येतं, ते वेगळंच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "रक्त तपासू आणि पाणीही तपासून घ्या. एवढ्यावरून मी शपथेवर काही सांगणार नाही. पण पाण्यातून शिसं पोटात जात राहिलं तर लहान मुलांच्या कानाच्या नसेला, मेंदूला त्रास होतो, असं दिसून आलंय. मोठ्यांपेक्षा मुलं ते जास्त शोषून घेतात."

"पण मी तिचं पाणी उकळते," मी म्हटलं. "रोज उकळते. गाळते."

"उकळल्यानं जंतू मरतात. शिसं जात नाही. पाणी आटेल तसं उलट ते दाट होतं." मग माझ्याकडे बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आणलंत ना तिला? एवढ्या लवकर कुणी आणत नाही. बहुतेक मुलं शाळेत नापास व्हायला लागली की येतात."

अण्णा पुढं झुकले. "काय म्हणाल्या?" त्यांनी मला विचारलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. रक्तातही शिसं निघालं आणि पाण्यातही. विहीर बंद झाल्यावर केतकीच्या रक्तातलं उतरत गेलं. गेलेलं ऐकणं परत येणार नाही, आहे ते राखू, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि तसंच झालं. ती आता सहावीत आहे. दोन्ही कानांमागं यंत्रं असतात, पहिल्या बाकावर बसते आणि मी जास्त काळजी करायला लागले की यंत्रं काढून ठेवते. यंत्रं लागल्यावर वर्षभरानं एका सकाळी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, साखर." मी डबाच तिच्या हातात दिला होता.

पण मला सांगायचंय ते पाण्याचा निकाल कळला त्या दिवसाचं.

सुहासनं फोनवर ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "ह्याच पाण्यावर नांदले मी. ह्याच पाण्यानं तुला न्हाऊ घातलं रे." अण्णा परसात गेले. त्यांनी विहिरीच्या कप्पीतून दोर ओढून काढला, कोपरावर गुंडाळत गुंडाळत त्याची नीट जुडी केली आणि ती खुंटीला अडकवली. मग फळ्या आणल्या. सुहास मदतीला धावला, तर म्हणाले, "राहू दे. राख टाकायला कुणी मदत केली नव्हती मला."

विहीर झाकून झाल्यावर ते काठावरच बसले. मी नळाच्या पाण्याचा तांब्या नेऊन दिला. त्यांनी तांब्यात पाहिलं, दोन घोट प्यायले.

"वृंदा, एक विचारू? खरं सांगशील?"

"सांगेन की."

"मी बोट खाली घेतो, तेव्हा तुझ्या कानात काय असतं?"

मी काहीतरी पुटपुटले.

"अगं, मोठ्यानं सांग. आता माहीत झालंय ना, मला मोठ्यानं लागतं."

"घंटा असते, अण्णा," मी म्हटलं. "तुम्ही बोट खाली घेता, तरी असते. बराच वेळ असते."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग बोलली नाहीस ती?"

"मला वाटलं, तुमचा कान आहे."

"हो," ते म्हणाले, आणि किंचित हसले. "मलाही तेच वाटलं."

मग ते उठले. "सुहास! ती देवीची घंटा मोडलीस का रे?"

सुहास खाली मान घालून म्हणाला, "नाही अण्णा. मन होईना. पोत्यात गुंडाळून ठेवलीय."

"आण."

घंटा तिवईला टांगली गेली. आमचे आवाज ऐकून, की आमची धावपळ बघून, केतकी खेळ टाकून आली. ह्या वेळी अण्णांनी तिला मांडीवर घेतलं नाही. तिवईजवळ पाटावर बसवलं आणि मला म्हणाले, "तू अशी माझ्यासमोर बस. दारात नको."

"अण्णा, मी..."

"बोट वर."

मी बोट वर धरलं. त्यांनी ठोका दिला. आणि मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, अण्णांनी डोळे मिटले नाहीत. ते माझ्या बोटाकडे बघत होते. नावंही मनात घेतली नाहीत.

"नागशेट," ते म्हणाले, संथपणे. "म्हाळशेट. गणशेट."

घंटा भरून वाहत होती.

"तुकशेट." इथं सासूबाईंचं बोट खाली आलं. क्षणभरानं सुहासचं. अण्णांचं स्वतःचं बोट वर नव्हतंच. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. "बाळशेट."

माझं बोट वर होतं.

"रघुनाथ," ते म्हणाले. त्यांच्या वडिलांपर्यंत कितीतरी वर्षांत कुठली घंटा पोचली नव्हती. किती मोडल्या असतील त्यांनी, चांगल्या वाजणाऱ्या! माझं बोट वरच होतं. हात भरून आला होता, पण मी तो हलू दिला नाही. आवाज बारीक होत चालला होता, सुईच्या नेढ्यातून ओवल्यासारखा, पण तुटत नव्हता.

"शंकर," अण्णा म्हणाले. ते स्वतः. नावं संपली होती. घंटा देवळात जाणार होती. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. ते अजून वरच होतं. पुढं काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. मग चाचरत म्हणाले, "सुहास."

सुहासनं चमकून वर पाहिलं.

आणि तिथं आवाज संपला. मी कान देऊन पुन्हा ऐकलं. काही नव्हतं. मी बोट खाली घेतलं.

"सुहासपर्यंत गेली!" सासूबाई रडत हसत म्हणाल्या.

"आजोबा."

आम्ही सगळे वळलो. केतकी पाटावरून उठून तिवईपाशी गेली होती. तिचं बोट वर होतं, पण हवेत नव्हतं. टोकानं ते घंटेच्या कडेला अलगद टेकलं होतं. नियम मोडून.

सुहास पुढं झाला. "केतू, हात लावायचा..."

अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"अजून आहे, आजोबा," केतकी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर तो काचेच्या खोलीतलाच एकाग्र भाव होता, पण भुवया सुटल्या होत्या. "बोटात येतंय. गुदगुल्या होतायत."

अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले, तिच्याजवळ जाऊन खाली बसले. तिला आपले ओठ दिसावेत एवढ्या जवळ. ज्या नावांच्या ओळीत आजवर एकाही बाईचं नाव आलं नव्हतं, त्या ओळीपुढं, अगदी मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ते म्हणाले,

"केतकी."